लेडी कॉर्नेलियाची थंड भट्टी

कॅप्टन विदर्सने बायबल उघडलं, रवळू कुबलच्या नाकासमोर धरलं आणि मला म्हणाला, "विचारा त्याला, काय दिसतंय."

मी विचारलं. रवळूने मान तिरकी करून पान नीट न्याहाळलं.

"मुंग्यो," तो म्हणाला. "रांगेन चलतत."

मी भाषांतर केलं. रवळूला कुठलीच लिपी वाचता येत नाही, हे मी कॅप्टनला आधीच सांगितलं होतं. पण निदान बायबल तरी सगळ्यांना दिसायला हवं, असं त्याचं मत होतं. त्याने रवळूला नऊ पावलं मागे जायला लावलं आणि पुस्तक पुन्हा उंच धरलं.

"मुंग्योच," रवळू म्हणाला. "पण त्यातली एक खरी आसा. मेलेली. खालसून तिसऱ्या रांगेत."

कॅप्टनने खिशातून भिंग काढलं. तळापासून तिसऱ्या ओळीत, दोन शब्दांच्या मधे, कधीतरी पान मिटताना चिरडलेली मोहरीएवढी मुंगी होती. कॅप्टनने ती नखाने खरवडली, बायबल मिटलं आणि जमलेल्या सगळ्या खलाशांसमोर जाहीर केलं की हा माणूस आंधळा आहे.

ही गोष्ट अठराशे चव्वेचाळीस सालची. मी बावीस वर्षांचा होतो. मुंबईत इंग्रजी शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या काही तुकड्यांतला, म्हणजे ज्ञान भरपूर आणि माहिती काहीच नाही अशा अवस्थेतला. 'लेडी कॉर्नेलिया' या जहाजावर मी कारकून आणि दुभाष्या होतो. कॅप्टनला खलाशांची भाषा येत नव्हती, खलाशांना कॅप्टनची येत नव्हती आणि दोघांच्या मधे मी बसलेलो होतो. पुढे जे झालं त्यावरून, मधे कोणी नसतं तर बरं झालं असतं.

जहाजाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या सफरीत पूर्ण निर्दोष असं तेच एक होतं. बांधणी मुंबईची, लाकूड मलबारी साग. तिची जुनी कागदपत्रं माझ्या ताब्यात होती आणि अकरा महिन्यांत मला ती पाठ झाली, कारण दुसरं काही काम नव्हतं. उमेदीच्या काळात तिने चीनला कापूस नेला आणि तिथून चहा भरून लंडन गाठलं. मग पलटणी वाहिल्या. मग बसऱ्याचे घोडे, मग खजूर, मग मीठ. सात मालक झाले. जहाजाचंही माणसासारखंच असतं. माल हलका होत गेला की समजावं, वय झालं. चाळिशीला टेकली तेव्हा कॅप्टन विदर्सला कोणीतरी सांगितलं की सागाच्या पोटातून तेल झिरपत नाही आणि देवमाशाच्या तेलाला विलायतेत सोन्यासारखी मागणी आहे. त्याने मुंबईच्या दोन व्यापाऱ्यांना पटवलं. डेकच्या मधोमध विटांची मोठी भट्टी बांधली. मासा मारायचा, त्याची चरबी त्या भट्टीत कढवायची, तेल पिंपांत भरायचं आणि पिंपं भरली की घरी यायचं, असा बेत होता.

अकरा महिने सेशेल्स बेटांच्या आसपास आम्ही वर-खाली फिरत होतो. भट्टी एकदाही पेटली नव्हती. तिच्यात एक कोंबडी खुडुक बसली होती.

मासा मारायला अमेरिकेकडचे सहा अनुभवी गडी आणले होते. त्यातले तीन तापाने गेले. उरलेल्या तिघांचा म्होरक्या पाईक नावाचा भालेकरी होता. भालेकऱ्याने डोलकाठीवर चढणं त्याच्या धंद्यात कमीपणाचं समजत. खलाशी बहुतेक दीव-घोघ्याकडचे खारवे, तेही निम्मे आजारी. म्हणून डोलकाठीच्या टोकावर टेहळणीला एकच माणूस असे. तो म्हणजे मालवणचा गाबीत, जातीचा मच्छीमार, रवळू कुबल. वय पन्नाशीच्या पुढे. गावी तीस वर्षं त्याने रापणीवर टेहळणी केलेली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं गावकीचं लांबलचक जाळं. रवळूला वर बसणंच आवडे. सूर्य उगवला की चढायचा, मावळला की उतरायचा. डोक्याला विटलेलं लाल मुंडासं. जहाजावर लाल रंगाची तेवढी एकच वस्तू.

सफरीच्या पहिल्या आठवड्यात कॅप्टनने मला टेहळ्याला शिकवायच्या सूचनांचा एक कागद दिला होता. दोन्ही बाजूंनी लिहिलेला होता. मासा दिसला की कसं ओरडायचं, किती वेळा, कोणत्या शब्दांत, दिशा कशी सांगायची. ऊन मी म्हणत होतं. मी डोलकाठीखाली उभा राहून रवळूला विचारलं, हे काम त्याने पूर्वी केलंय का. तो म्हणाला, तीस वर्षं. मग याला मी काय शिकवणार, असा मी नम्र विचार केला. "तुझ्या रीतीने कर," मी म्हणालो आणि सावलीत गेलो. कॅप्टनला सांगितलं, समजावलं.

दुसरं एक सांगायचं राहिलं. वेळ जात नाही म्हणून मी समुद्रावरच्या गमतींची एक वही लिहीत होतो. मुंबईला गेल्यावर छापायची होती. त्यात खलाशांच्या सवयी, कोंबडीचं वर्तन, पाईकच्या शिव्या असं सगळं तारीखवार टिपलं होतं. रवळूवर माझा विशेष लोभ होता, कारण त्याला अधूनमधून मुंडासं काढून हातात धरायची खोड होती. "आज दोनदा मुंडासं. डोक्यात उवा असाव्यात." "सकाळी दहाला मुंडासं डाव्या हातात धरून वाळवलं. वारं उजवीकडून असताना!" अशा नोंदी. मला त्या फार विनोदी वाटत.

आंधळेपणाचा निकाल लागला त्याच्या आदल्या दिवशी असं झालं होतं. पाईक डेकवर दाढी करत होता. जहाजाच्या इतक्या जवळ मासा वर आला की त्याने उडवलेलं पाणी पाईकच्या साबणावर पडलं. त्याने वर पाहिलं, तर रवळू डोलकाठीच्या टोकावर स्वस्थ बसलेला, मुंडासं हातात धरून. होड्या उतरवेपर्यंत मासा गेला. पाईकने जे शब्द वापरले ते मी वहीतही घेतले नाहीत. कॅप्टनला वाटलं, गाबतांना देवमासा पूज्य असेल म्हणून हा बोलत नसेल. मला विचारायला लावलं. रवळू म्हणाला, मासो तो मासो. धर्माची अडचण नाही असं ठरल्यावर डोळे तपासले गेले. ते कसे, ते सांगितलंच आहे.

रवळूला मुंबईपर्यंत तळातलं पाणी उपसायच्या पंपावर बसवायचा हुकूम झाला. जहाज परत निघणार होतं. पाणी आणि बिस्किटं संपत आली होती, वारंही फिरायला लागलं होतं आणि कॅप्टनने मालकांना पत्र लिहून ठेवलं होतं. रवळू भट्टीला टेकून बसला होता. कोंबडीने त्याला जागा दिली होती. मला त्याची दया आली. दया आली की मी माणसांशी बोलतो.

"खरं सांग," मी म्हणालो. "काल तो मासा तुला दिसला नव्हता?"

"दिसलो."

किती आधी, विचारलं. एक विडा सावकाश चघळून व्हावा, इतका आधी, असं तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"बोलाचा कशाक? खूण केलंय."

त्याने मुंडासं काढलं, डाव्या हातात धरलं आणि हात लांब केला. मग मला, लहान मुलाला सांगावं तसं, सावकाश सांगितलं. रापणीचा टेहळ्या टेकडीवर बसतो. माशांच्या थव्याची सावली पाण्यात दिसली की तो मुंडासं काढतो. थवा डावीकडे असेल तर डाव्या हातात, उजवीकडे असेल तर उजव्या. होडीतल्या लोकांची नजर टेकडीवरच असते. तोंडातून आवाज काढायचा नाही. आवाज झाला की मासा पळतो. खूण पोचली, असं उलट कळवायचीही रीत नाही. रापणीवर जो ओरडतो त्याच्याशी गाव दोन वर्षं बोलत नाही. त्याचा एक मावसभाऊ तरुणपणी ओरडला होता. त्याला लोक अजून लग्नाला बोलावतात, पण जेव म्हणत नाहीत.

"आणि अकरा महिन्यांत एकदाही होडी सुटली नाही, तेव्हा तुला काय वाटलं?"

"साहेबाक नको आसतलो, म्हटलंय." त्याने खांदे उडवले. "माझा काम दाखवचा. घेवचा की नाय, ता मालकाचा. नि कारकूनानू, तुमी बघी होतास मा. दर खेपेक तुमी वर बघल्यात नि लिवन घेतल्यात."

मी खाली केबिनमध्ये गेलो आणि वही काढली. पहिल्या पानापासून मोजत गेलो. मुंडाशाच्या त्रेपन्न नोंदी होत्या. तारीख, वेळ आणि हात यांसह. त्या समुद्रातल्या देवमाशांची इतकी अचूक यादी त्या काळात जगात दुसऱ्या कोणाजवळ नसावी.

माझ्यापुढे काय होतं ते सांगून टाकतो. परत गेल्यावर कॅप्टनच्या शिफारशीवर मला सरकारी कचेरीत भाषांतरकाराची जागा मिळणार होती. वडिलांची ती बातमी गिरगावापासून माहीमपर्यंतच्या सगळ्या पाठारे प्रभूंना सांगून झाली होती. रवळूपुढे काय होतं, तेही मला ठाऊक होतं, कारण तो दुसरं काही बोलतच नसे. टेकडीवरची जागा. ती त्याच्या बापाची होती, त्याआधी आजाची. जहाजावर तो एका सफरीपुरता आला होता आणि जागा भाच्याकडे सोपवून आला होता. आंधळ्या माणसाला टेकडीवर कोणी बसवत नाही.

तरी मी वही घेऊन कॅप्टनकडे गेलो. माझ्या बाजूने लिहिण्यासारखं एवढंच आहे.

कॅप्टनने सगळं ऐकून घेतलं. वही चाळली. वही इंग्रजीत होती, पण एक शब्द मला अडला होता; त्यावर बोट ठेवून त्याने विचारलं की उवा म्हणजे काय. मी सांगितलं. मी म्हणालो की आता खूण कळली आहे, अजून पंधरा दिवस थांबलो तर भट्टी पेटेल. तो म्हणाला, पाणी वीस दिवसांचं आहे आणि मुंबई अठरा दिवसांवर.

"अकरा महिने वर कोणीच बघत नव्हतं, मिस्टर विजयकर?"

"मी बघत होतो."

"तेच म्हणतोय मी." त्याने टेबलावरचं बंद पाकीट बोटाने सरळ केलं. "मालकांना या पत्रात दोन गोष्टी कळवल्या आहेत. या समुद्रात मासे नाहीत आणि टेहळ्या आंधळा होता. आता तुम्ही म्हणता, मासे होते आणि टेहळ्याला दिसत होते. मग मालक विचारतील, जहाजावर आंधळं कोण होतं. त्यांना एक कारण लागतं. आंधळा खलाशी किंवा डोळस कारकून. पत्र मी अजून बदलू शकतो. तुम्ही सांगाल तसं."

मी काही सांगितलं नाही. पत्र बदललं गेलं नाही. या दोन वाक्यांत माझी पुढली पंचवीस वर्षांची नोकरी आहे.

परतीच्या पाचव्या दिवशी रवळू पंपावरून पाणी प्यायला उठला, कठड्याशी थांबला आणि सवयीने त्याने मुंडासं काढलं. उजव्या हातात. मी पाहिलं. कॅप्टननेही पाहिलं, आता त्यालाही वाचता येत होतं. त्या बाजूला क्षितिजाजवळ पाण्याचे तीन फवारे उडाले, एकामागून एक. कॅप्टन वळला आणि खाली केबिनमध्ये गेला. पाईक तेव्हा झोपला होता.

मुंबईला प्रत्येक खलाशाला वर्तणुकीची चिठ्ठी द्यायची असते. त्या मीच लिहिल्या, कॅप्टनने सह्या केल्या. रवळूच्या चिठ्ठीत होतं: वर्तन चांगलं, दृष्टी अधू, टेहळणीस निरुपयोगी. माझं अक्षर वळणदार आहे. खाली लाखेचा शिक्का.

"काय लिवलाहा?" रवळूने विचारलं.

"चांगलं लिहिलंय," मी म्हणालो. पहिले दोन शब्द तसे होतेच.

त्याने चिठ्ठी चारदा दुमडली आणि मुंडाशाच्या घडीत ठेवली. गावी दाखवीन, म्हणाला.

पुढच्या वर्षी लेडी कॉर्नेलिया दुसऱ्या कॅप्टनने घेतली. त्याच समुद्रात त्याने तिचं पोट चौदा महिन्यांत काठोकाठ भरलं. त्याचे टेहळे दीवचे होते. ते ढग दिसला तरी ओरडत. नंतर ती तांदूळ वाहू लागली, मग कोळसा, आणि शेवटी माझगावला मोडीत निघाली. तिच्या सागाचे दरवाजे झाले. त्यातला एक आमच्या कचेरीला आहे. पावसाळ्यातसुद्धा फुगत नाही. रोज सकाळी त्यातूनच आत जातो.

सहा वर्षांनी सरकारी कामासाठी मला मालवणला पाठवलं. दोन दिवसांचं काम होतं, मी सहा दिवस मागून घेतले. मुंबईहून निघताना ठरवलं होतं की रवळूला भेटून सगळं सांगायचं. तिथे पोचल्यावर पहिले दोन दिवस कामच फार निघालं.

मिठाच्या नाक्यावरच्या कारकुनाने मला बाकीची हकीकत सांगितली. रवळू परत आला तेव्हा त्याने देवळात गाव जमवला होता. इंग्रज साहेबाने आपल्याबद्दल लिहून दिलंय ते सगळ्यांना ऐकायला मिळावं म्हणून. वाचायला या कारकुनालाच बोलावलं होतं. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं, पण तेवढं पुरलं. त्याने वाचलं आणि मराठी करून सांगितलं. कोणी हसलं नाही. शिक्क्याच्या कागदाशी गाव वाद घालत नाही. दुसऱ्या दिवसापासून रवळू रापणीच्या दोराच्या शेवटच्या टोकाला, म्हाताऱ्यांच्या रांगेत, ओढायला उभा राहू लागला. टेकडीवर भाचा कायम झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर गेलो. रापणीची होडी पाण्यात तयार होती. लोक दोरावर बसून खुणेची वाट पाहत होते, सगळ्यांचे चेहरे टेकडीकडे. रवळू शेवटी बसला होता. तेच मुंडासं, आता जवळजवळ गुलाबी. त्याने मला लगेच ओळखलं, सरकून वाळूवर जागा दिली आणि कॅप्टन कसा आहे, कोंबडीचं काय झालं, असं हळू आवाजात विचारलं.

"रवळूबाबा," मी म्हणालो, "ती चिठ्ठी मी लिहिली होती. तुम्हाला दिसत होतं हे मला ठाऊक असताना."

"ठावक आसा," तो म्हणाला. "तुमचा अक्षर बरा, म्हणालो तो मिठाचो कारकून."

मला वाटलं, तो पुढचं वाक्य जुळवतोय. पण तो समुद्राकडे पाहत होता. मग त्याने सावकाश मुंडासं काढलं, डाव्या हातात धरलं आणि हात लांब केला.

मी टेकडीकडे पाहिलं. भाचा पांढरं मुंडासं बांधून उजवीकडे तोंड करून बसला होता. होडीतले भाच्याकडे पाहत होते. दोरावरचे भाच्याकडे पाहत होते. रांगेच्या शेवटच्या म्हाताऱ्याकडे अख्ख्या किनाऱ्यावर कोणी पाहत नव्हतं. मी सोडून.

सहा वर्षं, अकरा महिने आणि त्रेपन्न नोंदी मला एकदम आठवल्या. मी उठून उभा राहिलो आणि छातीत होता नव्हता तेवढा दम लावून ओरडलो की डावीकडे बघा, मासे डावीकडे आहेत.

डाव्या हाताला, बरोबर त्या मुंडाशाच्या रेषेत, समुद्र उकळल्यासारखा झाला. हजारो मासे एकदम उसळले, उन्हात चांदी उधळावी तसे चमकले आणि खोल पाण्याकडे गेले. एकही राहिला नाही.

किनाऱ्यावर कोणी हललं नाही. मग रापणीचा म्होरका रांगेच्या कडेने चालत आला. त्याने पाणी जिथे उकळलं होतं तिकडे पाहिलं. रवळूचा हात अजून लांबच होता, त्या हाताकडे पाहिलं. मग टेकडीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. आणि परत गेला.

रवळूने मुंडासं गुडघ्यावर ठेवून त्याच्या घड्या नीट केल्या.

"कारकूनानू," तो म्हणाला, "जंय वरडाचा होता थंय लिवन घेतल्यात. नि गप रवाचा होता थंय वरडलास."

उरलेले तीन दिवस मालवणात माझ्याशी कोणी बोललं नाही. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांनी पान वाढलं, पण जेवा म्हणाले नाहीत. मिठाचा कारकूनसुद्धा मला पाहून दुसऱ्या वाटेने गेला. रवळूला भेटायला गेलो तर घराला कडी होती.

सहाव्या दिवशी पडावात बसून मी निघालो. पडाव टेकडीखालून जातो. वर एक माणूस बसला होता. मला तेव्हाच चष्मा लागला होता. चेहरा ओळखू येईना. डोक्याला काहीतरी लाल किंवा गुलाबी होतं, एवढंच दिसलं.

मी डोक्यावरची पगडी काढली, डाव्या हातात धरली आणि हात लांब केला. टेकडी दिसेनाशी होईपर्यंत तसाच उभा होतो. पडावातले लोक माझ्याकडे पाहत होते. एकाने मला उन्हाचा त्रास होतोय का, म्हणून विचारलं.

वरून काही उत्तर आलं नाही. रापणीत तशी रीत नाही.